मिस्टर बीन, टेडी आणि मैत्रीची दुसरी अट

मंडळी, मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलची मैत्री पाहिली. आज तीच मिस्टर बीनला लावून बघू. हसू नका, प्रश्न गंभीर आहे.

रोवन ॲटकिन्सनचा हा एकटा माणूस १९९० साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर आला. त्याचा सोबती म्हणजे टेडी, एक विणलेलं तपकिरी अस्वल.

ॲरिस्टॉटल म्हणतो, निर्जीव वस्तूशी मैत्री होत नाही. एक, ती उलट प्रेम करत नाही. दोन, आपण तिच्यासाठी म्हणून तिचं भलं चिंतत नाही. दारू चांगली टिकावी असं वाटतं, ते आपल्याला प्यायला मिळावी म्हणून!

पहिल्या अटीत टेडी नापासच. दुसरीचं काय? १९९४च्या एका भागात बीन टेडीचा चक्क रंगाचा ब्रश करतो. म्हणजे वस्तूच की! पण १९९२चा नाताळचा भाग आठवा. तिथे टेडीला भेट मिळते: डोळ्यांसाठी दोन बटणं. यात बीनचा फायदा काय? काहीच नाही. आणि त्याच भागात तो स्वतःच लिहिलेली शुभेच्छापत्रं स्वतःच्याच दारातून आत टाकतो, मग ती आल्याचं नवल करतो. दुसरं कोण पाठवणार?

माझं म्हणणं एवढंच. ही पुरी मैत्री नव्हे, ॲरिस्टॉटल बरोबर आहे. पण ज्याला देणारं कुणी नाही, त्यालाही कुणाला तरी द्यावंसं वाटतंच. मैत्रीतला तो अर्धा भाग बीनकडे शाबूत आहे. आपण हसतो ते टेडीला. गलबलतो ते या अर्ध्या भागामुळे.