गाठीपर्यंतची वाट

जुन्नर-आंबेगावातल्या किती तरी शाळांच्या सहली २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला जातात. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरीही टिपतात, हे मुलांना सांगितलं जातं. त्याच मुलांपैकी कुणाच्या आईचं डोकं महिनोन्‌महिने दुखत राहिलं आणि एमआरआय काढायची वेळ आली, तर तिथलं यंत्रही हायड्रोजनचेच रेडिओसंकेत ऐकत असतं. फरक इतकाच, की हा हायड्रोजन मेंदूतल्या पाण्याचा आणि चरबीचा असतो. ३ टेस्लाच्या एमआरआयमध्ये हे संकेत सुमारे १२८ मेगाहर्ट्‌झचे असतात. अद्ययावत जीएमआरटीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात ही वारंवारिता येते.

नातं याहून जवळचं आहे. जीएमआरटीचे जनक गोविंद स्वरूप यांनी पीएचडी केली ती स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या हाताखाली. आकाशाच्या अरुंद पट्ट्यांची मोजमापं एकत्र करून पूर्ण चित्र कसं उभं करायचं, याचं गणित ब्रेसवेल यांनी १९५६मध्ये मांडलं होतं. हेच कोडं पुढे सीटी स्कॅनला सोडवायचं होतं. १९७१मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी त्याची सुटसुटीत रीत दिली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याची शंका असलेली ती एक स्त्री होती.

त्याआधी शल्यविशारद मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढत आणि पोकळी कुठे सरकली यावरून गाठीचा अंदाज बांधत. रुग्णाला भयंकर त्रास व्हायचा. वरवरच्या गाठी अशाही सापडत, काढल्याही जात. खोलवरच्या गाठींचा प्रश्न मात्र वेगळाच होता आणि आजही आहे. गाठ दिसते, हातात उत्तम हत्यारं असतात. पण तिथवर जायचं कुठून?

 मेंदूच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंत तंतूंच्या जुड्या गेलेल्या असतात. एक हात हलवणारी, एक बोलणं घडवणारी, एक डोळ्यांकडून आलेली. सरळ रेषेत घुसलं तर गाठ हाताला लागेल, पण माणूस बोलायचा थांबेल. म्हणून कुशल शल्यविशारद उभ्या पिकातून न जाता बांधावरून चालणाऱ्या माणसासारखा जातो. निसर्गानंच मेंदूत फटी, घड्या आणि पोकळ्या ठेवल्या आहेत, तेच त्याचे बांध.

दोन अर्धगोलांच्या मधली फट ही त्यातली एक. तिच्यातून खाली उतरलं की दोन्ही बाजूंना जोडणारा तंतूंचा जाड पूल लागतो. त्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत. त्याला दोनेक सेंटिमीटरचा छेद देऊन मेंदूच्या मधल्या पोकळ्यांत पोचता येतं, आणि एवढ्या छेदाने बहुतेकांच्या वागण्याबोलण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. कानशिलाच्या आतल्या बाजूची खोल घडी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडत नेण्याचं तंत्र गाझी याशारगिल या तुर्की शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलं. मेंदू कापायचा नाही, उलगडायचा, ही दृष्टी जगभर रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

लोकांना सर्वांत आश्चर्य वाटतं ते नाकाच्या वाटेचं. पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि कवटीच्या तळाशी, नाकामागच्या पोकळ हाडाच्या लगेच वर बसलेली असते. तिथली गाठ काढायला हल्ली बहुतेक वेळा कवटी उघडतच नाहीत. नाकपुडीतून दुर्बीण घालतात, ते पातळ हाड उघडतात आणि खालूनच गाठीपर्यंत जातात. नाकाच्या बाजूने जाण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न हर्मान श्लोफर यांनी १९०७मध्ये इन्सब्रुकला केला. तेव्हा चेहऱ्यावर छेद घेऊन नाकच बाजूला वळवावं लागलं होतं.

मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस किंवा मस्तिष्कस्तंभातल्या काही गाठींपर्यंत एकही बरी वाट नसते. तिथे मोजमापाने नेमकी दिशा ठरवून, कवटीच्या छोट्या छिद्रातून सुई घालून तुकडा तपासायला घेतात. आपल्याकडे याचं मोल फार. चित्रात कर्करोगासारखी दिसणारी गाठ क्षयाची निघू शकते, आणि तशी निघाली तर ती बहुधा औषधांनीच विरघळते. तुकडा न तपासता नशिबाला दोष देऊन रुग्णाला घरी नेणं मला म्हणूनच सहन होत नाही.

नकाशा कितीही चांगला असला तरी कवटी उघडून मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं, की मेंदू जरासा खाली बसतो. सकाळी काढलेला एमआरआय दुपारी काही मिलिमीटर चुकीचा ठरतो, आणि खोलवर मिलिमीटरलाही किंमत असते. याला एक उपाय म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच अल्ट्रासाउंड करून नवं चित्र घेणं. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात डॉ. अलियासगर मोयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशादर्शक यंत्रणेला जोडलेल्या त्रिमितीय अल्ट्रासाउंडवर असं काम केलं आहे. एमआरआयच्या तुलनेत हे यंत्र पुष्कळ स्वस्त आहे, आणि आपल्यासारख्या देशात ते अधिक ठिकाणी पोचू शकेल.

सगळी गाठ निघाली नाही म्हणून घरचे लोक खचतात. पण हालचालींच्या तंतूंना चिकटलेला भाग मुद्दाम मागे ठेवून उरलेल्याला किरणोपचार देणं हा पुष्कळदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. ‘सगळी का नाही काढली?’ याच्याबरोबर ‘काढली असती तर काय गेलं असतं?’ हेही डॉक्टरांना विचारावं.

आपल्या भागात अडचण होते ती शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी. डोकं धरलं की ‘पित्त उठलंय’ म्हणून गोळी घेतली जाते, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण डोकेदुखी नव्याने सुरू होऊन वाढतच गेली, पहाटे डोकं दुखून उलटी होऊ लागली, मोठ्या वयात पहिल्यांदाच आकडी आली, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवून पुण्याला तपासणी करून घ्यावी. मेंदूतल्या गाठींच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. उशीर मात्र नको. पीयूषिकेच्या गाठीत दोन्ही कडांची नजर हळूहळू जाते; रस्ता ओलांडताना बाजूची गाडी दिसत नाही आणि माणूस चष्म्याचा नंबर बदलत राहतो. दृष्टीच्या नसेवरचा दाब वेळेत काढला तर नजर बरीचशी परत येते, कधी काही दिवसांतच. नस सुकल्यावर गाठ पूर्ण निघाली तरी नजर येत नाही.