चार भिंती आपल्या, एक खोली मोकळी

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, 1947 साली लेव्हिट कंपनीने घरं बांधायला घेतली. 1951 पर्यंत तिथे 17 हजारांहून अधिक घरं उभी राहिली आणि लेव्हिटटाउन हा अमेरिकी उपनगरांचा नमुनाच ठरला. सुरुवातीचं घर जेमतेम 750 चौरस फुटांचं, भूखंड 60 बाय 100 फुटांचा. तळघर नाही, गॅरेजही नाही. तरी महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी या घरांसाठी रांगा लावल्या. पुढे बिऱ्हाडं वाढली तशी कोणी माळ्यावर खोल्या काढल्या, कोणी मागे पडवी ओढली, कोणी बाजूला गॅरेज बांधलं. मूळ रूपातलं घर आज त्या गावात शोधावं लागतं.

स्वतंत्र घराची ओढ कशातून येते, ते इथे दिसतं. असं घर माणसांबरोबर बदलू शकतं. आई कायमची राहायला आली तर खालच्या मजल्यावर न्हाणीघर काढता येतं. छपरावर सौर पॅनेल बसवायला सोसायटीचा ठराव लागत नाही, विजेची गाडी आपल्याच दारात चार्ज होते. भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं नसतं, त्यामुळे मुलीला ड्रम शिकता येतो आणि पहाटे मिक्सर लावताना मन कचरत नाही. अमेरिकेतली दहापैकी सहाहून अधिक घरं अशी सुटी आहेत.

मात्र नुसत्या ओढीने एवढी घरं उभी राहिली नसती. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वस्तीचे विभाग पाडण्याचा गावाचा हक्क मान्य केला. त्या आधारावर गावोगावी अशा नियमांनी जोर धरला आणि मोठमोठ्या भागांत एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर, एवढीच परवानगी उरली. 1934 पासून केंद्र सरकार गृहकर्जांना विमा देऊ लागलं, 1944 च्या कायद्याने सैनिकांना स्वस्त कर्जाची सोय केली आणि 1956 नंतर महामार्गांचं जाळं विणलं गेलं. हे दार सर्वांना उघडं नव्हतं. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहायला बंदी होती. घरांच्या व्यवहारातल्या अशा भेदभावाला देशभर कायद्याने मनाई व्हायला 1968 साल उजाडावं लागलं.

आता गॅरेजकडे वळू. मोटारी नव्या होत्या तेव्हा पेट्रोलच्या आगीची धास्ती असे, म्हणून गाडी परसातल्या वेगळ्या खोपटात उभी राहायची. हळूहळू ती खोली घराला चिकटली आणि युद्धानंतरच्या वस्त्यांत थेट दर्शनी बाजूला आली. मिनेसोटासारख्या राज्यात कडाक्याच्या हिवाळ्यात सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागत नाही, हे सुख मोठंच. पण तेवढ्यासाठी दोन गाड्यांची, साधारण 400 चौरस फुटांची खोली कोणी जपत नाही. लॉस एंजेलिसमधल्या 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा तिथल्या विद्यापीठाने बारकाईने अभ्यास केला आणि 2012 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यांच्यापैकी चारांतल्या तिघांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागाच नव्हती. सगळी जागा सामानाने व्यापली होती.

गॅरेजचं खरं मोल इथेच आहे. घरातल्या प्रत्येक खोलीला ठरलेलं काम असतं, या खोलीला ते नाही. फरशी सिमेंटची, दार आठ-सोळा फुटी. तेल सांडलं, भुसा उडाला, अर्धवट खुर्ची महिनाभर तशीच पडून राहिली, तरी कोणाची हरकत नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी घरांतही गणपतीचं मखर वर्षभर इथेच गुंडाळून ठेवलेलं असतं. अनेक घरांत दिवाळीच्या चकल्यांची कढई दार उघडं टाकून इथेच चढते, कारण आत तळण केलं की धुराचा अलार्म वाजतो आणि वास आठवडाभर हटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत अ‍ॅडिसन अव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागच्या अशाच गॅरेजमध्ये बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी 1938 साली काम सुरू केलं. हाताशी भांडवल 538 डॉलर. त्यांनी घडवलेल्या ध्वनिलहरी निर्माण करणाऱ्या यंत्राची सुधारित आवृत्ती डिस्नेने ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी विकत घेतली, तीही आठ नग. गॅरेजने त्यांना बुद्धी दिली नाही. फसण्याचा खर्च मात्र परवडेल इतका खाली आणला.

आज अमेरिकेत घरांची टंचाई आहे. मिनियापोलिसने 2018 मध्ये, ओरेगन राज्याने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये एका भूखंडावर एकच घर ही सक्ती सैल केली. कॅलिफोर्नियात गॅरेजचं छोटं घर करणंही सोपं झालं आहे, त्याबदल्यात नवी पार्किंगची जागा दाखवावी लागत नाही. हे योग्यच आहे, कारण डोक्यावरचं छप्पर सुतारकामाच्या टेबलाआधी येतं.

आपल्याकडे प्रत्येकाला बंगला मिळणं शक्य नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं अख्खं घरच 300 चौरस फुटांचं, अमेरिकेतल्या दोन गाड्यांच्या गॅरेजहून लहान. पण पुनर्विकासाचा नकाशा समोर येतो तेव्हा आपण पार्किंग मोजतो, जिम पाहतो, आणि हातांनी काही करण्यासाठी एखादी खोली मागायचं राहून जातं. सिमेंटची फरशी, पाण्याचा नळ, विजेची जोडणी, भक्कम टेबल आणि रुंद दार, एवढंच लागतं. सायकल उघडायला, आकाशकंदील बांधायला, शाळेचा प्रकल्प करायला, गणपती रंगवायला ती सगळ्या इमारतीला पुरेल. स्वतंत्र घराने काही लोकांना जी मोकळीक दिली, तिचा मोठा भाग असा वाटून घेता येतो. म्हणून सोसायटीच्या पुढच्या बैठकीत गाड्यांच्या जागांबरोबर या खोलीचीही मागणी लेखी नोंदवायला हवी.