सावली ते मुंबई : तिकिटावरचा दीड तास

नागपूर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरने जाते. हिशेबाने तास पुरावा. मग तिकिटावर दीड तास का? धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, हळूहळू उतरणे आणि मुंबईच्या गर्दीत पाळीची वाट पाहत घिरट्या घालणे, सारे त्यातच धरतात. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा बहुधा जाताना आडवतो, येताना ढकलतो.

पण सावलीकरांचा खरा वेळ जमिनीवरच जातो! मूल, सिंदेवाही, नागभीड, उमरेड करत नागपूरला चार तास धरा. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे, ते वेगळेच. आजाऱ्याला मुंबईच्या टाटा रुग्णालयात सकाळी दाखवायचे असेल, तर तिकीट आदल्या दिवशीचेच काढावे.