‘मेदवेद’ म्हणजे काय? एका स्लाव्ह शब्दाविषयीचे गैरसमज

अस्वलाला रशियन भाषेत ‘मेदवेद’ म्हणतात, पोलिशमध्ये ‘न्येज्व्येच’ आणि युक्रेनियनमध्ये ‘वेदमिद’. अशा रूपांची तुलना करून अभ्यासकांनी या भाषांच्या समान पूर्वज भाषेतले, म्हणजे आद्य-स्लाव्ह भाषेतले रूप ठरवले आहे: *मेदवेदि. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव यांचे आडनाव याच शब्दावरून आले. मराठी कानाला त्यात ‘मधु’ आणि ‘वेद’ ऐकू येतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

गैरसमज १: तारा (*) लावलेला हा शब्द एखाद्या जुन्या पोथीत सापडला.

वस्तुस्थिती: आद्य-स्लाव्ह भाषेचा एकही लेख नाही. स्लाव्ह ग्रंथलेखनाची परंपरा सुरू झाली ती 863 च्या सुमारास, सिरिल आणि मेथोडियस या बंधूंच्या मोरावियातील कार्यापासून. रूप लेखी मिळालेले नाही, नियमांनी सिद्ध केले आहे, एवढेच तो तारा सांगतो.

गैरसमज २: ‘मेदवेद’ म्हणजे ‘मध जाणणारा’.

वस्तुस्थिती: त्याचा अर्थ ‘मध खाणारा’. शब्दाची फोड ‘मेद + वेद’ अशी नसून ‘मेदु + एद’ अशी आहे. ‘मेदु’ म्हणजे मध, ‘एद’ म्हणजे खाणे. आपला ‘अद्’ धातू, ज्यापासून ‘अन्न’ आले, तो याचाच सगोत्र. उकारापुढे उ-ऊ सोडून दुसरा स्वर आला की उ चा व् होतो. मनु + अंतर = मन्वंतर हा शाळेत शिकलेला यण् संधी इथेही तसाच दिसतो. पुढे सुट्या ‘मेदु’मधला अंत्य उ गळून ‘मेद’ उरले आणि संधी ओळखू येईना. शिवाय स्लाव्ह भाषांत जाणण्यासाठी ‘वेद’ हा धातू खरोखरच आहे. त्यामुळे चुकीची फोड लोकांना सहज पटली.

गैरसमज ३: हा शब्द संस्कृतातून रशियात गेला.

वस्तुस्थिती: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘मध्वद’ हा शब्द आहे, पण तो पक्ष्यांचे विशेषण म्हणून. अस्वलाला संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणतात. त्याहून पक्का पुरावा स्वरांचा आहे. मूळ ‘ए’ आणि ‘अ’ हे दोन्ही ऱ्हस्व स्वर संस्कृतात ‘अ’ झाले, म्हणून ‘मधु’. स्लाव्ह ‘मेद’ आणि ग्रीक ‘मेथु’ यांनी तो जुना ए टिकवला. ‘मधु’ उसना घेऊन हा ए परत मिळवता आला नसता. स्लाव्ह आणि संस्कृत या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

गैरसमज ४: स्लाव्ह लोकांचे अस्वलासाठीचे गुप्त, खरे नाव ‘बेर’ होते, बर्लिन त्यावरूनच आले.

वस्तुस्थिती: ‘बेर’ जर्मानिक भाषांतला आहे, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘तपकिरी’. बर्लिनचे नाव दलदलीच्या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आले असे सामान्यतः मानले जाते; शहराच्या चिन्हावरचे अस्वल उच्चारसाम्यातून आले. अस्वलाचे खरे जुने इंडो-युरोपीय नाव संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्तोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ यांत शाबूत आहे. स्लाव्ह भाषांत मात्र ते लोपले.

ते का लोपले? हिंस्र प्राण्याचे नाव घेतले की तो येतो या भीतीने लोकांनी त्याला वर्णनाने हाक मारली, असे स्पष्टीकरण दिले जाते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1906 मध्ये अशा शब्दनिषेधांवर लेखन केले. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तोच हा संकोच.

दोन शब्द सारखे वाटणे ही शोधाची सुरुवात असते, पुरावा नव्हे. पुरावा मिळतो तो नियमाने होणाऱ्या ध्वनिबदलातून. ‘मेदवेद’मधल्या एका ‘व’चा हिशेब लागला की ‘जाणणारा’ गळतो, आणि एका ‘ए’चा हिशेब लागला की संस्कृतची उसनवारीही. व्युत्पत्तीचा कोणताही आकर्षक दावा समोर आला, तर त्यातल्या प्रत्येक ध्वनीचा असाच हिशेब मागावा.