लटपटणारे पिल्लू आजारी असतेच असे नाही

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लाल कंधारी आणि देवणी गोवंशाच्या या मुलखात पशुवैद्यक म्हटले की गाय, म्हैस, शेळी हीच जनावरे डोळ्यांपुढे येतात, आणि शेतीवर पोट असलेल्या जिल्ह्यात ते रास्तही आहे. मांजर मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही. २०१९ च्या पशुगणनेत बैलापासून गाढवापर्यंत, अगदी कुत्र्यांचीही नोंद झाली; मांजराला रकानाच नव्हता. जिची मोजदाद नाही तिच्या अधू पिल्लाचा विचार कोण करणार? मग जिंतूर-सेलूकडे काय किंवा परभणी शहरात काय, झोकांड्या देत चालणारे, मान डुगडुगवणारे पिल्लू दिसले की निकाल ठरलेला: ‘हे काही जगत नाही.’ हा निकाल घाईचा आहे. त्यात अपंगत्व आणि आजार या दोन निराळ्या गोष्टी एकात कालवल्या जातात, आणि त्यामुळे जगू शकणारे पिल्लू टाकून दिले जाते, तर खरोखर मरणाच्या दारात असलेल्याला ‘जरा अशक्त आहे’ म्हणून दूध पाजत बसतात.

या लटपटीचे सर्वांत परिचित कारण म्हणजे लहान मेंदूची अपुरी वाढ. शरीराचा तोल आणि हालचालींचे माप सांभाळणारा हा भाग मांजरात जन्माच्या वेळी पुरता तयार झालेला नसतो. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत त्यातल्या पेशी भराभर विभागत असतात. ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणून ओळखला जाणारा विषाणू नेमक्या अशाच विभागणाऱ्या पेशी गाठतो. मोठ्या मांजरात तो आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांचा फडशा पाडतो, गर्भातल्या पिल्लात लहान मेंदूचा. इंग्लंडमध्ये हेरिंगहॅम आणि अँड्र्यूज यांनी झोकांड्या देणाऱ्या दोन मांजरांची नोंद १८८८ मध्येच केली होती, पण पुढे कितीतरी वर्षे हा दोष आनुवंशिक समजला गेला. १९६० च्या दशकात अमेरिकेत किलहॅम आणि मार्गोलिस यांनी त्यामागे विषाणू असल्याचे प्रयोगांतून दाखवले आणि वंशावरचा ठपका संसर्गावर गेला. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत, ती याच कारणाने.

विषाणूचा हा घाला एकदाच पडतो, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. लक्षणे मात्र पिल्लू चालायला लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नजरेस येतात, म्हणून घरच्यांना वाटते की आजार आत्ताच सुरू झाला आणि आता वाढत जाणार. प्रत्यक्षात नुकसान होऊन गेलेले असते आणि ते पुढे वाढत नाही. वाटीकडे तोंड नेताना मान थरथरते, पाय हवा त्यापेक्षा उंच उचलला जातो. गाढ झोपेत मात्र सारी थरथर थांबते. या दोषात वेदना नसते. भूक, खेळ, माणूस ओळखणे शाबूत असते. दोष सौम्य किंवा मध्यम असेल तर अशी मांजरे साधारण इतर मांजरांएवढीच जगतात. याला औषध नाही, आणि रोज द्यावे असे औषध लागतही नाही. बदलायचे असते ते घर: गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी, न कलंडणारे जड भांडे, वाळूसाठी कमी काठाची पसरट पाटी, आणि उघडा हौद, विहीर, बिनकठड्याची गच्ची यांपासून अंतर. लटपट दिवसागणिक वाढत असेल, मान एकाच बाजूला कललेली असेल किंवा लटपट एखाद्या दिवशी अचानक सुरू झाली असेल, तर मात्र कारण दुसरे आहे. कानातला संसर्ग, मार, विषबाधा यांपैकी काय, हे डॉक्टरच सांगू शकतील.

खरा धोका बहुधा तिथे असतो जिथे कुणी बघत नाही. जन्मताना पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते आणि ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे महागड्या तपासण्यांच्या आधी बोलतो. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. परभणीत हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात बेचाळीसच्या वर जातो. दोन्ही टोके पिल्लाला घातकच. थंड पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करेनासे होते, त्यामुळे आधी ऊब आणि मगच दूध, हा क्रम मोडला तर दूध पचत नाही किंवा फुफ्फुसात जाते. तान्ह्या बाळासारखे पाठीवर निजवून पाजणेही याच कारणाने जीवघेणे. पिल्लू पोटावरच हवे. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, तेव्हा गायीच्या पातळ दुधावर पोट फुगते, पण अंग भरत नाही. पुढे पिल्लू मोठे झाल्यावर आपल्याकडची दूध-पोळीही पुरत नाही. मांजराला टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले की दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये उघडकीस आला. जन्माचे अपंगत्व नसताना आपण आहारातून अपंगत्व देतो, याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. हे औषध निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आईनेच टाकले, म्हणजे निसर्गाने निवाडा केला. पण मांजरी काही रोगनिदान करत नाही. गारठलेले पिल्लू हलत नाही, ओरडत नाही, आणि आईला माया करायला लावणाऱ्या खुणाच बंद पडल्याने ती त्याला बाजूला सारते. तेच पिल्लू ऊब मिळाल्यावर पुन्हा कुशीत घेतले जाऊ शकते. शिवाय आपल्या ओट्यावर, आपल्या उष्ट्यावर आणि आपल्या धान्यातल्या उंदरांवर वाढलेल्या प्राण्याच्या बाबतीत निसर्गाचा हवाला आपण फक्त नको तेव्हाच देतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्यात बैलाच्या उपचारासाठी हात आखडावा लागतो, तिथे मांजरावर खर्च? पण हा प्रश्न अपंगत्वाला लागू होतच नाही. गोणपाटाला आणि जड वाटीला पैसे पडत नाहीत. तो लागू होतो गंभीर आजाराला, आणि तिथे प्रत्येक घराने आपली मर्यादा ओळखावी यात अपराध नाही. मागचे पाय लुळे असलेल्या पिल्लाची लघवी रोज काही वेळा दाबून काढावी लागते, नाहीतर मूत्रमार्गाचा संसर्ग ठरलेला. हे काम आयुष्यभराचे आहे, आणि ते करणारे माणूस घरात आहे का, हे आधी पाहावे. मात्र ‘आशा नाही’ हे वाक्यही तपासून घ्यावे. मांजरांचा संसर्गजन्य उदरदाह काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ हमखास मरण मानला जाई. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात पेडरसन यांच्या चमूने नव्या विषाणुरोधक औषधाने ३१ पैकी २५ मांजरे दीर्घकाळ जगवून दाखवली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जगवणे हीच क्रूरता असेल तर? काही वेळा असतेच. लहान मेंदूचा दोष इतका तीव्र असतो की काही पिल्लांना उभे राहता येत नाही, खाता येत नाही, अंगाखालची घाण टाळता येत नाही. तिथे पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणे ही दया आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जगवणे क्रूर ठरेल अशा प्राण्याचा अंत मान्य करतो. तोच कायदा प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे गुन्हा ठरवतो. पोत्यात घालून गावकुसाबाहेर नेऊन टाकणे पहिल्याचा आव आणते, पण मोडते दुसऱ्यात. निर्णय पिल्लू कसे दिसते यावर नको. ते खाते का, वजन धरते का, वेदनेत आहे का आणि स्थिती ढासळते आहे का, यावर हवा.

असे पिल्लू दारात आले तर आधी त्याला उबेत ठेवा, मग वजन करा. घरातल्या दुसऱ्या मांजरांपासून काही आठवडे वेगळे ठेवा, कारण पार्व्होचा विषाणू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत असू शकतो आणि फरशीवर वर्षभरही तग धरतो. माणसाला त्याचा धोका नाही. इतर मांजरांना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस टोचून घ्या. आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गायी-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभे राहायला लाजू नका.