रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं?

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला आणि त्याचे फोटो राज्यभर फिरले. डोळ्यांना दिसेल तेवढंच प्रदूषण, अशी आपली समजूत. त्यामुळे ते गेलं की नाही, हेही आपण रंगावरूनच ठरवतो. रंगकारखान्यांच्या सांडपाण्यावर वापरल्या जाणाऱ्या प्रगत ऑक्सिडीकरणाबद्दलचे बरेच गैरसमज याच सवयीतून येतात.

‘हे अगदी नवं तंत्रज्ञान आहे.’ नाव नवं आहे, रसायनशास्त्र जुनं. लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं, हे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. आजही कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे ईटीपीत, ‘फेंटन’ म्हणतात ते हेच. सांडपाण्याचा पीएच ३ च्या आसपास आणायचा, हिराकस घालायचं आणि पेरॉक्साइड हळूहळू सोडायचं. पाणी कोमट होतं, बुडबुडे येतात, रंग पालटतो. या वेळी तयार होणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल क्षणभरही टिकत नाही, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. ओझोनपेक्षाही तो जहाल. शेवटी चुना घालून पीएच वर आणला की लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. हा गाळ पुढे कुठे टाकायचा, हा प्रश्न मात्र माहितीपत्रकात सहसा नसतो.

‘रंग उडाला, काम झालं.’ ॲझो रंगांत दोन नायट्रोजन अणूंमधला दुवा रंगाच्या मुळाशी असतो. तो तुटला की पाणी नितळ दिसतं, पण रेणूचे उरलेले तुकडे पाण्यातच राहतात आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. कार्बनचं कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत गाडी न्यायची, तर वेळ आणि रसायनं दोन्ही जास्त लागतात. ती तिथवर पोचली की नाही, हे एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी, मोजल्यावरच कळतं.

‘मग सगळं सांडपाणी याच पद्धतीने साफ करा.’ इथे हिशेब आडवा येतो. एक किलो सीओडी (घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) घालवायला कागदावरच सुमारे २.१ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं. सीओडी लिटरला १०,००० मिलिग्रॅम असेल, तर दर हजार लिटरमागे बाजारातलं ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड बेचाळीस किलोंच्या घरात जातं. जिवाणू जे स्वस्तात खातात, त्यावर इतका खर्च करणं निव्वळ उधळपट्टी. जिवाणूंना न पचणारे रेणू अर्धवट फोडायचे आणि पुढचं काम जिवाणूंवर सोपवायचं, हा शहाणा मार्ग. किंवा आधी बाकी सगळी घाण काढून अगदी शेवटी ही पद्धत वापरायची. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी पुन्हा पिण्यायोग्य करताना सूक्ष्म गाळण आणि आरओनंतर अतिनील किरण व पेरॉक्साइडचा टप्पा येतो, तो याच हिशेबाने.

‘यातून काहीच सुटत नाही.’ सुटतं. मिठाला ऑक्सिडीकरण हातही लावत नाही. कापड रंगवताना भरपूर मीठ वापरतात, आणि फेंटनमध्ये आपण आणखी क्षार घालतो, त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, उलट वाढतो. नॉनस्टिक उद्योगामुळे बदनाम झालेली पीएफओएसारखी फ्लोरिनयुक्त रसायनंही हायड्रॉक्सिल रॅडिकलला जवळपास दाद देत नाहीत.

घरच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा म्हणजेही ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ नव्हे. तो जंतू मारतो. कीटकनाशकं फोडायला त्याहून कितीतरी जास्त मात्रा आणि बहुधा पेरॉक्साइडचीही जोड लागते.

तेव्हा नितळ पाण्याची बाटली कुणी समोर धरली, तर सीओडी, टीओसी आणि टीडीएसचे आकडे मागा. सीओडी तपासण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड काढलं होतं का, हेही विचारा, कारण ते नमुन्यात राहिलं तर आकडा फुगून येतो.