विमान बांधायचंय? आधी एक फासळी काढा!

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता नववीत आहे. पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "बाई, मला विमान बांधायचंय. सगळ्यात भारी कॅड सॉफ्टवेअर कुठलं, तेवढं सांगा." खिशातून त्याने एक चिठ्ठी काढली. मामेभावाने तिच्यावर सात नावं लिहून दिली होती.

मित्रमैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही. प्राथमिक शाळेत शिकवते. पण वर्गातल्या मुलांबरोबर पुठ्ठ्याची आणि लाकडी पट्ट्यांची ग्लायडर्स करता करता मलाही कॅडचा नाद लागला. तेव्हा त्या चिठ्ठीचं आम्ही दोघांनी काय केलं ते तुम्हालाही सांगते.

आधी एक शंका दूर करू. घरी विमान बांधणं ही थापेबाजी आहे का? मुळीच नाही! आपल्या मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. सरकारदरबारी त्याची नोंदणी व्हायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. अमेरिकेत तर अशा हौशी लोकांची मोठी संघटनाच आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी ती १९५३ साली सुरू केली. दर वर्षी जुलैत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी तिचा मेळा भरतो, आणि घरी बांधलेली विमानं तिथे उडत येतात. तिथला सरकारी नियमही मजेशीर आहे. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असावा लागतो.

आता कॅड. म्हणजे संगणकाच्या मदतीने आराखडा काढणं. राईट बंधूंकडे असलं काही नव्हतं. १९०३ च्या त्यांच्या विमानाची आकृती सामान बांधायच्या खाकी कागदावर पेन्सिलीने काढलेली आहे. संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढून आकृती काढायचा प्रयोग आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली दाखवला. ऑटोकॅड १९८२ चं. म्हणजे कॅडशिवायही विमानं उडलीच की! मग ते शिकायचं कशाला?

याचं उत्तर विमानाच्या पंखात आहे. पंख मधून कापलात तर आत फासळ्या दिसतात, एकामागे एक उभ्या. त्यांच्यातून एक दांडी आडवी जाते, तिला स्पार म्हणतात. सगळा भार तिच्यावर. फासळीचा आकार वर फुगीर, मागे निमुळता. या आकारांना क्रमांक दिलेले असतात. सेसना १७२ या प्रसिद्ध छोट्या विमानाच्या पंखाचा आकार आहे नाका २४१२. या आकड्यातच सगळं लपलंय, बरं का! पहिला २ म्हणजे आकाराची मधली रेषा पंखाच्या रुंदीच्या २ टक्के वर उचललेली. पुढचा ४ म्हणजे हा उंचवटा पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर. शेवटचे १२ म्हणजे जाडी रुंदीच्या १२ टक्के. समजा, तुमच्या ग्लायडरचा पंख २० सेंटिमीटर रुंद आहे. तर फासळी २४ मिलिमीटर जाड, आणि मधली रेषा ८ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटर उचललेली. करा हिशेब, जमतो की नाही?

आता मनात आलं की पंख १८ सेंटिमीटरचा करू या. कागदावर काढलं असेल तर सगळ्या फासळ्या पुन्हा काढायच्या. चांगल्या कॅडमध्ये २० च्या जागी १८ लिहायचं, की जाडी आपोआप २१.६ मिलिमीटर होते आणि बाकीचं सगळं मागोमाग बदलतं. पण हे कधी? आकृती नुसती चितारलेली नसून मापांनी बांधलेली असेल तेव्हा! म्हणून चिठ्ठीतल्या प्रत्येक नावाला आम्ही एकच प्रश्न विचारला: आकडा बदलला तर आकार बदलतो का?

या प्रश्नावर पहिलं नाव गळलं ते ब्लेंडरचं. कार्टूनपट करायला उत्तम, फुकटही आहे. पण त्यात गोलाई म्हणजे बारीक सपाट तुकड्यांची जाळी असते. चित्र झकास दिसतं, कापायला मात्र नेमकं माप मिळत नाही. स्केचअपचंही साधारण तसंच. घराचा आराखडा काढायला सोपं, विमानाच्या गोलाईला कच्चं.

टिंकरकॅड अगदी सोपं. ठोकळे जोडायचे, भोकं पाडायची. पाचवी-सहावीतल्यांनी इथूनच सुरुवात करावी, पण मोठ्यांना विचारून खातं उघडा. आठवडाभरात तुम्हाला ते अपुरं वाटू लागेल. तसं वाटलं की समजायचं, पुढच्या पायरीची वेळ झाली.

सॉलिडवर्क्स हे मोठ्या कारखान्यांतलं नाणावलेलं सॉफ्टवेअर आहे. किंमतही तशीच. फ्यूजन घरगुती वापरासाठी फुकट मिळतं, पण एका वेळी दहाच फायली बदलत्या ठेवता येतात आणि त्याला संगणक दणकट लागतो. ऑनशेप ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे साध्या संगणकावरही काम होतं. मात्र फुकटात वापरलंत तर तुमच्या आकृत्या साऱ्या जगाला दिसतात. शाळकरी ग्लायडर कोण चोरणार म्हणा! खरी अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात नेट चार-चार दिवस नसतं. मग ब्राउझरचं सॉफ्टवेअर घेऊन काय त्याची पूजा करायची?

उरलं फ्रीकॅड. मी याच्याच बाजूने आहे. पूर्ण फुकट, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, आणि तुमची फाईल तुमच्याच संगणकावर राहते. २००२ पासून जगभरचे हौशी लोक ते घडवताहेत. १.० ही आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, एवढे ते सावकाश आहेत! पहिल्या दिवशी ते तुम्हाला खडूस वाटेल. बटणंच बटणं. घाबरू नका. फक्त 'पार्ट डिझाइन' नावाचं वर्कबेंच उघडा, बाकीच्यांकडे ढुंकून बघू नका. आधी सपाट आकृती काढायची, तिला मापं द्यायची. सगळी मापं पुरी झाली की रेघा हिरव्या होतात. मुलांना हे फार आवडतं. आमच्या वर्गात "हिरवं झालं!" अशी आरोळीच उठते. मग त्या आकृतीला जाडी द्यायची, की झाली फासळी.

चिठ्ठीत आठवं नाव नव्हतं, कागद फाटला होता. तिथे मी ओपनव्हीएसपी लिहिलं. हे नासाचं, २०१२ पासून सर्वांना खुलं. यात नटबोल्ट काढत नाहीत. अख्ख्या विमानाचा बाहेरचा आकार उभा करतात. पंख लांबवून बघा, शेपटी मागे सरकवून बघा. फ्रीकॅडमध्ये हात बसल्यावर याच्याकडे वळा, आधी नको.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी मी २० सेंटिमीटरची सुंदर फासळी काढली, छापली, मुलांनी चौदा फासळ्या पुठ्ठ्यातून कापल्या. स्पारसाठी ६ मिलिमीटरची खाच होती आणि पट्टीही ६ मिलिमीटरची. जाईचना! कानस मारली, दाबली, दोन फासळ्या फाटल्या. शेवटी एका मुलीने मोजपट्टी लावली. फासळी भरली १९.२ सेंटिमीटर. प्रिंटरने आकृती पानात बसवण्यासाठी परस्पर लहान केली होती. सॉफ्टवेअर बरोबर, आकृती बरोबर, आणि चौदाच्या चौदा फासळ्या वाया! तेव्हापासून आम्ही प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची एक रेघ काढतो. छापल्यावर आधी ती मोजायची, मगच कात्री उचलायची.

एककही तपासा. परदेशी नकाशे बऱ्याचदा इंचांत असतात. मापातला गोंधळ काय करतो, ते १९८३ साली कॅनडात दिसलं. एका मोठ्या प्रवासी विमानात इंधन भरताना किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा हिशेब झाला. निम्मंच इंधन भरलं गेलं आणि ते आकाशातच संपलं. वैमानिकांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखं तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. असे वैमानिक दर वेळी भेटत नाहीत.

आणखी एक, आणि हे मी त्या मुलाला जरा दरडावूनच सांगितलं. पडद्यावर विमान देखणं दिसलं म्हणजे ते उडेल असं नाही. पंख मोडेल का, तोल पुढे जाईल की मागे, हे आकृतीतून आपोआप कळत नाही. म्हणून माणूस बसेल असं विमान बांधणारे बहुतेक हौशी लोक आधी उडून सिद्ध झालेल्या विमानाचे नकाशे किंवा सुटे भाग घेतात, आणि परवानगी व तपासणी झाल्याशिवाय उडत नाहीत. आपण आपली ग्लायडर्स बनवू. तुमच्या कल्पनेला तिथे हवं तेवढं आकाश आहे.

त्याने फ्रीकॅडच घेतलं. परवा पुन्हा आला, तोंड पाडून. पंखाची फासळी झकास जमली होती. शेपटीसाठी त्याने २० च्या जागी ८ लिहिलं, आणि पडद्यावर फासळीचे चक्क दोन तुकडे! आम्ही दोघं तासभर बघत बसलो. मग लक्षात आलं. खाच पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर असं त्याने पक्कं लिहून ठेवलं होतं. फासळी लहान झाली, खाच मात्र जागची हलली नाही. ती निमुळत्या शेपटाकडे आली आणि आरपार गेली. "६ सेंटिमीटर नको, रुंदीच्या ३० टक्के लिही," मी म्हटलं. त्याने लिहिलं. खाच सरकून २४ मिलिमीटरवर आली, तुकडे जुळले, रेघा हिरव्या झाल्या.

"बाई, आता १० सेंटिमीटरची रेघ काढू ना कोपऱ्यात?" असं म्हणून त्याने प्रिंटरमध्ये कागद घातला.